टेस्टमध्ये स्कोअर जास्त आला म्हणून घाबरू नका

सध्या फोनवर ती टेस्ट फिरतेय ना, पटापट हो-नाही टिक करायचं आणि शेवटी लाल अक्षरात 'तुमच्यात डिपेंडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरची लक्षणं आहेत', ती भरून माझ्या ओळखीतल्या काही मुली खरंच घाबरल्यात. हा विकार म्हणजे आपल्याला एकट्याने जमणारच नाही असं वाटून दुसऱ्यावर टोकाचं अवलंबून राहणं. मी काउन्सेलिंग करते, असले फॉर्म नेहमी हाताळते, म्हणून लिहितेय.

हे फॉर्म निदान करायला नसतात, ती फक्त चाळणी असते. अमेरिकेत २००१-०२ च्या मोठ्या सर्वेक्षणात हा विकार ०.४९ टक्के लोकांत दिसला, म्हणजे हजारात जेमतेम पाच. आता समजा टेस्ट एवढी चांगली आहे की विकार असलेल्या दहातले नऊ पकडते आणि नसलेल्या दहातल्या नऊंना बरोबर सोडते, तरी हजार जणांनी भरली की खरे सापडणार चार-पाच आणि काहीच नसताना लाल अक्षरं बघणारे शंभरेक! आणि फोनवरची टेस्ट एवढी चांगली असते का, तर कोणी तपासलेलीच नसते.

दुसरं म्हणजे प्रश्न. 'रोजचे निर्णय घेताना मी इतरांचा सल्ला घेते', आता याला आपल्याकडची कुठली सून नाही म्हणेल? सोनं मोडायचं तर सासूबाईंना विचारायचं, नोकरी सोडायची तर ह्यांना विचारायचं, ही घराची रीत झाली, आजार नाही. म्हणून मी टिक बघून थांबत नाही, विचारते, नाही विचारलं तर काय होईल? एक म्हणते काही नाही हो, दोन दिवस अबोला. दुसरी म्हणते ते मला सोडून जातील आणि मग मला एकटीला जगताच येणार नाही, आणि हे सांगतानाच तिचा श्वास चढतो. तिसरी म्हणते मारतील. टिक तिघींची सेम. पण डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, विरोध न करण्याच्या निकषाखाली स्पष्ट लिहिलंय की समोरचा खरंच सूड उगवेल अशी भीती असेल तर ती यात धरायची नाही. तिसरीला पर्सनॅलिटीचं लेबल लावलं तर मार खाणारीलाच आजारी ठरवल्यासारखं होतं, आणि मला याचा प्रचंड राग येतो.

अजून एक, ज्यांना खरंच हा त्रास आहे त्या फॉर्म भरतानाही माझ्याकडेच बघत असतात, पेन अर्धवट धरून 'मॅडम, इथे काय लिहू?', मी काही बोलले नाही तर दोन्ही चौकोनांत हलकी खूण करून ठेवतात. ही गोष्ट कुठल्याच स्कोअरमध्ये येत नाही.

आणि पुरुषांचं काय? बॉर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तर थेट प्रश्नांच्या फॉर्ममध्ये बायकांचा स्कोअर जास्त, पण शाईचे डाग दाखवून घेतात तसल्या आडवळणाच्या टेस्टमध्ये पुरुषांचा. मोजा कुठे ठेवलाय हे बायकोला विचारल्याशिवाय ज्याचं पान हलत नाही तो पण फॉर्मवर 'मी स्वावलंबी आहे' असंच टिक करणार.

निदानाला आठातले किमान पाच निकष लागतात, तेही तरुणपणापासून आणि आयुष्यात सगळीकडे दिसणारे, एका ब्रेकअपनंतरच्या महिन्यात नाही. तरी मनात राहिलंच तर स्क्रीनशॉट मैत्रिणींना पाठवत बसू नका, सायकॉलॉजिस्टला दाखवा. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास चालू. आणि घरात मारहाण होत असेल तर टेस्ट राहू द्या, आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.