टिकटिक गरम झाल्यावरही येत होती

फेब्रुवारीतली गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

मी मिशिगनमध्ये एका कंत्राटदार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. त्याआधी बारा वर्षं पुण्यात भोसरीला डिझेल इंजिनांवर काम केलं, मग बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो. आपल्याकडे जड काम म्हणजे डिझेल हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की चार-साडेचार टनांचा ट्रेलर ओढणारा पिकअप पेट्रोलवर चालतो हे सांगलीत भावाला फोनवर सांगितलं तर त्याला पटेना. २०२० च्या मॉडेलपासून फोर्डने ७.३ लिटरचं आणि जीएमने ६.६ लिटरचं पेट्रोल व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, या मोठ्या पिकअपना दिलं, रॅमचं ६.४ लिटरचं आधीपासून होतंच. फोर्डच्या ७.३ मध्ये एका सिलिंडरला ९०० सीसीच्या वर येतात, आपल्या मारुती ८०० चं आख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं, म्हणजे बघा. आणि एवढं असून डिझाइन जुन्या पद्धतीचं, बिडाचा ब्लॉक, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागात, नाही तर खाली ब्लॉकमध्ये, तिथून लिफ्टर (कॅमवर टेकलेला छोटा दट्ट्या) आणि पुशरॉड (त्याच्यावरची काठी) यांनी व्हॉल्व्ह उघडायचे. टर्बो नाही. मला ही इंजिनं मनापासून आवडतात.

आमच्या कंपनीने डिझेल सोडून हे का घेतले तर डिझेलचे आठ-दहा हजार डॉलर जास्त पडतात, आणि आमचे ट्रक साइटवर तासन्‌तास नुसते चालू उभे असतात, त्याने डिझेलचा धुराचा फिल्टर सारखा चोक होतो. तोपर्यंत निर्णय बरोबरच होता. पण ऑफिसने त्यातून अर्थ असा काढला की पेट्रोल आहे म्हणजे आता काही बघायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर मीही थोडाफार तोच काढला होता.

तर त्या दिवशी सकाळी उणे चौदा डिग्री, एक पिकअप आला, मागे टूलबॉक्सवाली बॉडी आणि छोटी क्रेन. ट्रक कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण दोष इंजिनाचा होता असं मला वाटत नाही. ड्रायव्हर बाई पन्नाशीच्या, वीस वर्षं ट्रक चालवतात. म्हणाल्या, टिकटिक येते, थंड असताना जोरात, गरम झाल्यावर कमी होते पण जात नाही. मी ऐकलं, मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, ‘थंड असताना टिकटिक’. एवढंच लिहिलं.

का, तर थंडीत टिकटिक आणि गरम झाल्यावर कमी म्हटलं की या इंजिनांत पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे जळका गॅस गोळा करणाऱ्या, हेडवर बसवलेल्या नळकांड्याच्या बोल्टवर जातो. मॅनिफोल्ड तापून-थंड होऊन वाकतं आणि सगळ्यात मागचा बोल्ट तुटतो, मग तिथून गॅस फटफट बाहेर मारतो, गरम झालं की धातू फुगतो आणि फट बुजते. उजवीकडचं चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, टॉर्च मारला तर मागच्या बोल्टचं डोकंच नाही. पोर्टच्या बाजूला काळी काजळी. गळती शोधायला धूर सोडणारं स्मोक मशीन लावलं तर धूर बरोबर तिथूनच. सापडलं म्हणजे सापडलं, मला भारी आनंद झाला.

तो तुटका बोल्ट काढणं हे काम मात्र सांगण्यासारखं आहे. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा आणि तुटलाय अगदी पृष्ठभागाशी सपाट, पकडायला काहीच नाही. ड्रिल मारायला गेलं तर बिट कडक स्टीलवरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि मग हेड उतरवायची वेळ येते, असं केलेलं मी दोनदा निस्तरलंय. त्यापेक्षा त्या तुटक्या तोंडावर एक नट धरायचा आणि नटाच्या भोकातून मिग वेल्डिंगने आत भरायचं. स्टीलचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही हा फायदा, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने अडकलेले आटे सुटतात. लाल रंग गेला की पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, पाना लावायचा आणि पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, जोर नाही लावायचा. पहिला नट निघून आला, दुसराही, तिसऱ्याला बोल्ट किर्रर्र करत हलला. चाकाच्या पोकळीत आडवा पडून, तोंडावर बर्फाचं वितळलेलं घाण पाणी टपकतंय, चार तास गेले. शेजारच्या गाडीवर काम करणारा जुना मेकॅनिक बघायला आला आणि म्हणाला मी हेड उतरवलं असतं. तो सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही.

नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट, टॉर्क दिला, स्टार्ट केला. आवाज नव्वद टक्के गेला. राहिलेली बारीक टिकटिक पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची असेल असं ठरवलं, इंजेक्टर वाजतातच, आणि ट्रक सोडला.

इथेच मी अडकून पडलोय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, त्यामुळे गळती दोन फेऱ्यांत एकदा वाजते, आणि खराब लिफ्टरसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे दोघांचा ताल एकच. एका बाजूला दोन्ही असतील तर मोठा आवाज छोट्याला झाकतो. हे मला माहीत होतं. स्टेथोस्कोप ट्रॉलीच्या वरच्याच खणात होता.

नऊ दिवसांनी बाईंचा फोन आला, आय-९४ हायवेच्या कडेला उभ्या होत्या, मागे ट्रेलरवर मिनी एक्स्कॅव्हेटर. इंजिनाचा दिवा लुकलुकतोय, ट्रक थरथरतोय, ताकद नाही. त्यांनी ताबडतोब बंद केला, दुसरा कोणी असता तर पुढच्या एक्झिटपर्यंत रेटला असता. टो करून आणला. मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न जळणं, एकाच सिलिंडरचा, उजवीकडेच, मागून दुसरा.

लिफ्टरपर्यंत पोचायला हेड उतरवावंच लागलं. लिफ्टरच्या तळाशी एक रोलर असतो, त्यात सुईसारख्या बारीक बेअरिंग, तो कॅमवर फिरत राहतो. या लिफ्टरच्या सुया संपलेल्या, रोलर जाम, आणि जाम रोलर कॅमवर घासत बसलेला. कॅमचा उंचवटा जवळपास सपाट, व्हॉल्व्ह नीट उघडतच नव्हता. तो सगळा धातू तेलात गेलेला, ब्लॉकमधून तेल काढलं तर ट्रेमध्ये चमकी. चमकी बेअरिंगपर्यंत गेली म्हणजे नुसता कॅम-लिफ्टर बदलून भागत नाही, आख्खं इंजिन बदललं. नऊ दिवसांत एवढं होत नाही हो. मी बोल्ट काढत होतो तेव्हा चमकी तेलात होतीच.

मग मी मीटर बघितला, जो पहिल्या दिवशी बघायला हवा होता. ५८,४०० मैल, तसं बघितलं तर तरणं इंजिन. पण इंजिन चालल्याचे तास ४,३१०, त्यातले २,६४० नुसते उभ्या-उभ्या. एक तास आयडल म्हणजे साधारण २५ मैल असा हिशोब आमच्यात धरतात, तो लावला तर वरचे ६६,००० मैल आणखी. म्हणजे इंजिन सव्वा लाख मैलांचं आणि तेल बदललं जातंय ५८ हजारांच्या हिशोबाने, कारण ऑफिसच्या सॉफ्टवेअरला फक्त मैल कळतात. ट्रकचा स्वतःचा ऑइल मॉनिटर आयडल धरतो, त्याने दोनदा मेसेज दिला होता, बाईंनी दोन्ही वेळा ऑफिसला कळवलं, उत्तर आलं अजून ड्यू नाही. ज्या माणसाने हे उत्तर दिलं त्याने आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नाही, आणि वेळापत्रक तो ठरवतो.

उभं इंजिन आराम करतंय असं लोकांना वाटतं. कॅमसाठी उलटं आहे. वेगात असताना व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे कॅमच्या टोकावरचा, व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगचा दाब थोडा हलका होतो, आयडलला स्प्रिंगचा सगळा जोर त्या टोकावर. तेलाचा थर वेग नसल्यामुळे पातळ, आणि क्रँक फिरताना उडवतो ते तेलही कमी. त्यात थंडीत पेट्रोल तेलात उतरून तेल आणखी पातळ होतं. लिफ्टर नेमके कशाने जातात यावर मेकॅनिक लोक कितीही भांडोत, एवढं भौतिकशास्त्र तर खरंच आहे.

भोसरीत संशयाच्या आवाजाचं एकही डिझेल इंजिन आम्ही ऑइल फिल्टर कापून बघितल्याशिवाय सोडत नव्हतो. डबा कापायचा, आतला कागद उलगडायचा, उन्हात धरायचा, हातात लोहचुंबक. दहा मिनिटांचं काम. इथे ते केलं नाही कारण बोल्ट सापडला होता, आणि कारण समोर पेट्रोल इंजिन होतं. हे दुसरं कारण मला जास्त लागतं.

बाईंना मी सांगितलं की तुम्ही सांगितलेलं अर्धंच मी लिहिलं. त्या म्हणाल्या, मला वाटलं तू ऐकलंस म्हणजे लिहिलं असशील. रागावल्या नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात ग्लोव्ह बॉक्समधली एक वही आणून दिली, रोज सकाळी कधी सुरू केला, किती उभा होता, कधी आवाज आला, सगळं तारखेनिशी. टिकटिकीची पहिली नोंद नोव्हेंबरची.

त्यानंतर सगळ्या पेट्रोल पिकअपचे तास मी स्वतः वहीत उतरवले आणि सर्व्हिसला येईल त्या प्रत्येकाचा फिल्टर कापतोय. आतापर्यंत अकरा कापले. दहा स्वच्छ. अकराव्याच्या कागदात बारीक चमकी आहे, चुंबकाला चिकटते. आवाज अजून नाही. फोटो काढून ऑफिसला पाठवले, कागद पिशवीत घालून टेबलावर नेऊन ठेवला, हा ट्रक थांबवा असं लेखी दिलं. उत्तर आलंय की ३,००० मैल बाकी आहेत.

आज सकाळी तो ट्रेलर लावून गेला.