तुम्ही विचारलंत म्हणून: खालचा ‘म’ की वरचा ‘म’?

बास क्लेफ (खालच्या स्वरांसाठी ओळींच्या सुरुवातीला येणारं चिन्ह) आला की पानावर पेन्सिलीनं ‘जु’ (जुनी पद्धत) किंवा ‘न’ (नवी) लिहिल्याशिवाय तुम्ही पोरांना हॉर्न (फ्रेंच हॉर्न, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) तोंडाला का लावू देत नाही? सावंतवाडीपासून मालवणपर्यंत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे मुलं पाठवली, त्यांनी कधी ना कधी हे विचारलंय. काहींनी आपुलकीनं, काहींनी ‘उगाच बाऊ करता’ अशा सुरात. आता एकदा सांगूनच टाकतो.

ट्रेबल क्लेफबद्दल, म्हणजे वरच्या स्वरांच्या चिन्हाबद्दल, वाद नाही. हॉर्न एफमधला (सी या स्वराला मी सा म्हणतो, एफला म), त्यामुळे लिहिलेला सा वाजतो तो त्याच्या खालचा म. बास क्लेफमध्ये नव्या पद्धतीनं वाचलं तर तसंच, खालचा म. जुन्या पद्धतीत मात्र तळाच्या नोटा एक सप्तक खाली उतरवून लिहीत, म्हणून तोच सा वाजतो वरचा म. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

‘मग एकच नियम सांगा ना.’ सांगतो की. बास क्लेफमध्ये नोटा स्टाफच्या (स्वर लिहायच्या पाच ओळींच्या) वर चढल्या असतील तर नवी पद्धत, खाली लेजर लाइनींवर (जादा आखलेल्या छोट्या रेघांवर) लोंबत असतील तर बहुतेक जुनी. पण मधल्यांचं काय? दुसऱ्या घरातला सा दोन्ही सप्तकांत वाजतो. तिथं रचना किती जुनी ते बघा, संगीतकार बघा, बाकीची वाद्यं काय करतायत ते बघा. हे व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नसलेल्या हॉर्नच्या काळापासून चालत आलंय. तेव्हा खर्ज वाजवणारे वादक वेगळे असत. 1800 साली बेटहोवननं ज्याच्यासाठी हॉर्नचा सोनाटा लिहिला तो वादक पुंटो त्यांच्यातलाच. 1814च्या सुमारास श्टोल्त्सल नावाच्या हॉर्नवादकानं व्हॉल्व्ह आणला आणि वाद्य पार बदललं, पण जुन्या पद्धतीनं लिहिणारे पुढंही कितीतरी वर्षं होते.

आता एका तालमीची गोष्ट. पणजीत, एका मोठ्या कार्यक्रमाची. माझ्या शेजारी चौथ्या हॉर्नला वेंगुर्ल्याचा मुलगा, मीच शिकवलेला. त्याच्या पार्टमध्ये (त्यानं वाजवायच्या पानावर) स्टाफखाली दोन लेजर लाइनींवर लांबलचक सा. त्यानं जुन्या पद्धतीनं वाचून वरचा म लावला, अगदी स्थिर. कंडक्टरनं थांबवलं. ‘एक सप्तक खाली.’ मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही जुनी पद्धत आहे, चेलो हाच स्वर धरून आहेत, ऐका. उत्तर आलं, ‘तुम्ही तुमचा पार्ट बघा. लिहिलंय ते वाजवायचं.’ मुलानं प्रयत्न केला. तो स्वर म्हणजे एफ हॉर्नच्या अगदी तळाचा, अनुभवी वादकालाही सहज न लागणारा. नुसती फरफर आली. पुन्हा. पुन्हा फरफर. व्हायोलिनमधली दोघं हसली. मागच्या खुर्च्यांवर त्याची आई बसली होती, त्याच्यासोबत एसटीनं आलेली. तिला क्लेफबिफ काही कळत नव्हतं, पण आपल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून चुकीचं ठरवलं जातंय एवढं कळत होतं. कंडक्टर म्हणाले, ‘घरी तयारी करून येत जा.’ तयारी तर त्यानं माझ्या घरी, माझ्यासमोर केली होती. प्रत्येक नोट बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. हॉर्न संस्थेचा होता, तो परत गेला. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, तो बाहेर आला नाही.

त्यानंतर मी ठरवलं की जुनं सगळं नव्या पद्धतीत उतरवून द्यायचं. रात्री बसून पार्ट लिहिले. तेव्हाचा मी ठामपणे म्हणायचो, मुलांना एकच पद्धत कळली की कुणी त्यांना असं उभं करणार नाही. तेव्हा माझं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्याच हातचे पार्ट वाचून तयार झालेली एक मुलगी मुंबईला गेली, तिथं मूळ छापील पार्ट समोर आला, आणि तिनं फोन केला, ‘सर, हो म खालचो काय वरचो?’ मी तिला सोपं करून दिलं होतं, वाचायला शिकवलं नव्हतं. तेव्हापासून लिहून देणं थांबवलंय. तरी एखादं लहान पोर घाबरलेलं दिसलं की हात पुन्हा कोऱ्या स्टाफकडे जातो. यातलं काय बरोबर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून ती पेन्सिल. कुणी थांबवलं तर मुलानं पानावर बोट ठेवून सांगावं, ‘मी जुन्या पद्धतीनं वाचलंय, या कारणानं.’ कारणही मी शेजारी लिहायला लावतो. कुणाला बाऊ वाटत असेल तर वाटू दे, मी हे सोडणार नाही. आणि पार्टचा फोटो पाठवून ‘जुनी की नवी’ विचारता, तेव्हा त्याच पट्ट्यांतला (संगीताच्या त्याच तुकड्यातला) चेलोचा पार्टही पाठवत जा. नुसत्या हॉर्नच्या पानावरून मी उत्तर देत नाही.