गारठलेल्या चिखलातले उन्हाळी जंतू

एमएस्सी मायक्रोला असताना आम्हाला एक प्रॅक्टिकल होतं. कॉलेजच्या बागेतली माती पाण्यात कालवायची, ट्यूब ८० डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये १० मिनिटं ठेवायची आणि मग प्लेटवर टाकायची. साधे बॅक्टेरिया मरतात, स्पोअर (म्हणजे चिवट कवचात झोपलेलं रूप) करून बसलेले तेवढे उरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉलन्या दिसतात. माझी ट्यूब बाथमध्ये कलंडली आणि मी शेजारणीचं रीडिंग उतरवलं, ते जाऊ दे. परवा कळलं की हीच युक्ती समुद्राच्या तळाखाली तेल आहे का हे शोधायला वापरतात, मग काय, रात्री दोनपर्यंत तेच वाचत बसलो.

सुरुवात नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही वर, स्वालबार्ड बेटांवर. तिथल्या खाडीच्या तळाचा चिखल बाराही महिने गारठलेला. तो लॅबमध्ये ५० डिग्रीला ठेवला तर त्यात भराभर बॅक्टेरिया वाढायला लागले, सल्फेटवर जगणारे, आणि ते थंडीत वाढूच शकत नाहीत! म्हणजे ते तिथले नाहीतच, पाहुणे आहेत, स्पोअर होऊन झोपलेत. केसी ह्युबर्ट या संशोधकाने आणि मंडळींनी २००९ साली सायन्स या नियतकालिकात हे छापलं, हिशोब असा की दर चौरस मीटरला वर्षाला दहा कोटींहून जास्त स्पोअर येऊन पडतायत. कुठून? त्यांचे जवळचे नातेवाईक सापडतात ते तेलाच्या गरम साठ्यांमध्ये नाहीतर समुद्रतळाखालच्या गरम खडकात. खालून तेल-गॅस भेगांमधून वर झिरपतो आणि ही मंडळी फुकटात लिफ्ट घेतात.

ह्युबर्ट पुढे कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात गेले आणि तिथल्याच नोव्हा स्कोशिया प्रांताच्या खोल समुद्रात हे वापरून बघायला लागले. तिथे गरज होतीच, शेल या तेल कंपनीने दोन विहिरी खणल्या, २०१८ ला बीपीने एक खणली, धंद्यापुरतं काहीच लागलं नाही. सेस्मिकने (तळाखाली ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी ऐकायचे) खडकाचा आकार कळतो, आत काय भरलंय ते खात्रीने नाही कळत. आपलं बॉम्बे हाय पण सेस्मिकवर आधी दिसलं होतं, पण तेल आहे हे १९७४ ला सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने भोक पाडल्यावरच कळलं ना.

काम मात्र चिखलाचंच. दोन-तीन किलोमीटर पाण्याखाली वजन लावलेला लांब पाइप तळात घुसवायचा, वर ओढायचा, डेकवर त्याचे तुकडे करायचे. बाहेरचा थर घासटून आलेला असतो म्हणून तो खरवडून फेकायचा, मधलाच घ्यायचा. थोडा डब्यात सीलबंद, गॅस मोजायला, थोडा डीएनएसाठी डीप फ्रीझरमध्ये. मग १६एस जीन (बॅक्टेरियांचं जणू ओळखपत्र) वाचून कोण कोण आहे ते बघायचं: झिरपलेला मीथेन खाणारे तिथलेच रहिवासी किती आणि खालून आलेले पाहुणे किती. पण स्पोअरचं कवच इतकं चिवट की त्यातून डीएनए सहज निघत नाही, म्हणून चिखल गरम करून त्यांना जागं करण्याचा उद्योग अजून लागतोच.

आता माझी शंका. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण इथे शीत हातात आलं म्हणजे भात उतू चाललाय एवढंच कळतं, पातेल्यात किती उरलाय ते नाही. सगळा साठा गळून गेला असेल तरी चिखलात जंतू मिळणारच. शिवाय साठा दहा मिनिटं नाही तर युगानुयुगं साधारण ८० डिग्रीच्या वर राहिला की आपोआप निर्जंतुक होतो, मग तिथून येणार कोण? आणि स्पोअर शेकडो वर्षं टिकतात, प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे एका जागी मिळाले म्हणून तिथेच खणा असं होत नाही, आजूबाजूच्या दहा जागांशी तुलना करावी लागते. माझ्या मते एकट्या डीएनएवर कोणी विहीर खणू नये, सेस्मिक आणि गॅसच्या जोडीला मात्र हा भारी स्वस्त साक्षीदार आहे.

मला खरी उपयोगी वाटली ती वेगळीच गोष्ट. खणण्याआधीच तळात कोण राहतं याची यादी हातात आली, उद्या तेल सांडलं तर आधी काय होतं हे तरी सांगता येईल.

हे सगळं त्या शेजारणीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तिचं उत्तर: "म्हणजे ते रीडिंग माझं होतं, कबूल केलंस तर."