पोटातली थंडी आणि सुंठ

डिसेंबरच्या अखेरीस निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की नाशिकमधल्या घराघरांत चहाच्या पातेल्यात आले जास्त किसले जाते आणि सुंठीचा डबा मागच्या फळीवरून पुढे येतो. दोन्ही वस्तू एकाच कंदापासूनच्या आणि दोन्ही उष्ण, तेव्हा जे हाताशी असेल ते वापरावे, असा आपला साधा व्यवहार असतो. औषधी वनस्पतींचा विषय शिकवताना मीही हा भेद एका वाक्यात उरकत असे. पुढे पारंपरिक चिनी वैद्यकातील वर्गीकरण नीट वाचले, तेव्हा उष्णतेबद्दल विचारायचा खरा प्रश्न मला तिथे सापडला. पदार्थ किती उष्ण आहे हे विचारण्याआधी त्याची उष्णता शरीरात कुठे जाते आणि तिथे थांबते का, हे चिनी वैद्य विचारतो.

चिनी औषधांत ओले आले आणि सुंठ ही दोन वेगळी औषधे आहेत आणि ती दोन वेगळ्या वर्गांत नोंदली जातात. ओले आले म्हणजे ‘शंग च्यांग’. त्याची प्रकृती कोमट मानली जाते आणि त्याचे स्थान बाह्य भाग मोकळा करणाऱ्या औषधांत आहे. गार वारा लागून अंग मोडून आले, नाक वाहू लागले, तर ते घाम आणून त्वचेपाशी अडकलेली थंडी बाहेर काढते. सुंठ म्हणजे ‘गान च्यांग’. तिची प्रकृती कोमट नव्हे, तर थेट उष्ण सांगितलेली आहे आणि ती अंतर्भाग उबदार करणाऱ्या औषधांत मोडते. घाम आणणे हे तिचे काम नव्हे. तिसरे रूप ‘फाओ च्यांग’ नावाचे आहे. तापलेल्या वाळूत सुंठ फुगून बाहेरून तपकिरी होईपर्यंत ते भाजतात आणि त्यामुळे तिचा तिखटपणा बराच उतरतो. ओले आले फिरते पण थांबत नाही, सुंठ फिरतेही आणि थांबतेही, भाजलेली सुंठ मात्र थांबते आणि फिरत नाही, असे चिनी वैद्यांचे जुने सूत्र आहे. एकाच कंदावर केवळ वाळवण्याचा आणि भाजण्याचा संस्कार झाल्याने औषधाचे काम कसे पालटते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे सूत्र माझ्या वाचनात नाही.

सुंठ जिथे थांबते ती जागा म्हणजे पोट. चिनी वैद्यक पचनाचा सारा कारभार प्लीहा आणि जठर यांच्याकडे सोपवते आणि या मधल्या भागाला अन्न शिजवण्यासाठी ऊब लागते असे मानते. आपल्या जठराग्नीच्या कल्पनेशी याचे नाते सहज ओळखू येते. ही ऊब कमी पडली, की जी लक्षणे दिसतात त्यांचे वर्णन फार बारकाईने केलेले आहे. पोट दुखते, पण हाताने दाबल्यावर किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवल्यावर बरे वाटते. शौचाला पातळ होते. तोंडाला सारखे पाणी सुटते, तहान फारशी लागत नाही, हातपाय गार राहतात आणि जिभेवर पांढरा ओलसर थर दिसतो. अशा माणसाला सुंठ द्यायची. ज्याचे पोट दुखते पण दाबलेले सहन होत नाही, ज्याला गार पाण्याची ओढ आहे आणि ज्याची जीभ लाल, कोरडी आहे, त्याला ती द्यायची नाही.

इसवी सन 200 च्या सुमारास, हान राजवटीच्या उत्तरार्धात, चांग चुंगचिंग या वैद्याने थंडीने होणाऱ्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील ‘ली चुंग वान’ ही गोळी या विचाराचा नमुना आहे. सुंठ, जिन्सेंग, ज्येष्ठमध आणि ‘पाय चू’ नावाचे मूळ ही चार द्रव्ये समभाग घेऊन मधात तिच्या गोळ्या वळतात. औषधापेक्षाही त्यासोबतची सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. गोळी घेतल्यावर पोटात ऊब जाणवली नाही, तर गोळ्यांची संख्या तीन-चारपर्यंत वाढवावी, असे तिथे सांगितले आहे. काढ्याच्या रूपात घेतले, तर थोड्या वेळाने गरम पेज प्यावी, अंग उबदार ठेवावे आणि पांघरूण काढू नये. म्हणजे मात्रा ठरवण्याचा काटा रुग्णाच्याच पोटात ठेवलेला आहे, आणि ऊब आली की थांबायचे हेही त्यात आपोआप येते.

पोटाखेरीज सुंठीची आणखी दोन कामे तिथे सांगितली जातात. पांढरा, पाण्यासारखा पातळ कफ पडत असेल आणि थंडीने खोकला वाढत असेल, तर ‘श्याओ छिंग लुंग थांग’ या काढ्यात ती फुप्फुसांना ऊब देण्यासाठी येते. तिच्या जोडीला एक आंबट फळ असते, कारण नुसत्या तिखट द्रव्यांनी फुप्फुसांची शक्ती उधळली जाईल आणि आंबट रस तिला आवरून धरतो. दुसरे काम गंभीर आहे. हातपाय कोपरा-गुडघ्यांपर्यंत गार पडलेल्या, नाडी क्षीण झालेल्या रुग्णासाठी ‘सनी थांग’ हा काढा आहे आणि त्यात सुंठ व ज्येष्ठमधासोबत आपल्या बचनागाच्या कुळातील एक विषारी मूळ असते. सुंठीवाचून ते मूळ उष्ण होत नाही, असे चिनी वैद्य म्हणतात. हे मूळ जीवघेणे आहे आणि त्याचा कोणताही काढा घरी करू नये, हे मी वर्गातही प्रत्येक वेळी सांगते.

वाळवल्याने एवढा फरक का पडावा, याचे काही उत्तर रसायनशास्त्रातही मिळते. ओल्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते आणि त्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या गटातील द्रव्यांचा असतो. कंद वाळताना आणि तापताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होते, जे जिंजेरॉलपेक्षा दुपटीहून अधिक तिखट मानले जाते. ओल्या आल्याचा सुगंध देणारी उडून जाणारी तेलेही वाळताना कमी होतात. ही दोन्ही तिखट द्रव्ये चेतातंतूंवरील टीआरपीव्ही-1 या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतात. हीच ग्राही मिरचीने आणि साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागी होते. तिचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा सुंठीची ऊब ही निव्वळ मानण्याची गोष्ट नाही. मात्र या एका ग्राहीने चिनी वर्गीकरण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. ते वर्गीकरण रुग्णांकडे पाहून घडले आहे आणि त्याची कसोटी रुग्णांवरच लागायला हवी.

हे वाचत असताना आपल्याकडील वापराकडे मी नव्याने पाहू लागले. मे महिन्यात, बाहेर ऊन रणरणत असताना, आपण आमरसाच्या वाटीत तूप आणि चिमूटभर सुंठीची पूड घालतो. हवेच्या हिशेबाने पाहिले तर उन्हाळ्यात सुंठ हा विरोधाभास वाटेल. पोटाच्या हिशेबाने पाहिले तर जड, गोड आणि गार रस पचवण्यासाठी मधल्या भागाला दिलेला तो आधार आहे, आणि त्यासाठी आले किसून घालावे असे कुणाच्याही मनात येत नाही. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतही सुंठच असते. बाळंतपणानंतरच्या ‘शंग ह्वा थांग’ या चिनी काढ्यात भाजलेली सुंठ असते, हे कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आयुर्वेदाने सुंठ चवीला तिखट, वीर्याने, म्हणजे शरीरावरच्या परिणामाने, उष्ण आणि पचनानंतर मधुर सांगितली आहे. पचनानंतर मधुर होणारे हे तिखट द्रव्य आपल्या वैद्यांनीही नुसत्या जाळापेक्षा वेगळे ओळखले होते.

म्हणूनच सरसकट काढे पिण्याची सवय मला खटकते. 2020 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या साथीत, सुंठ, मिरी, दालचिनीचे काढे दिवसातून कितीतरी वेळा पिऊन तोंड आल्याच्या आणि छातीत जळजळ होत असल्याच्या तक्रारी आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून येत होत्या. शरीरातील ओलावा आटून उष्णता वाढलेल्या आणि उष्णतेने रक्तस्राव होत असलेल्या माणसांना चिनी वैद्यक सुंठ वर्ज्य सांगते आणि गरोदरपणात जपून वापरायला सांगते. आजच्या भाषेत, आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी सुंठ बेताने घ्यावी, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. चीनच्या औषधकोशातील दिवसाची मात्रा 3 ते 10 ग्रॅम आहे, पण ती वैद्याने काढ्यासाठी मोजून द्यायची मात्रा आहे. घरात गूळ-तुपाच्या गोळीत पाव चमचा पूड पुरेशी होते.

सुंठ विकत घेताना मी पुडीऐवजी अख्खी घेते. रविवार कारंजाच्या परिसरात काष्ठौषधींच्या दुकानांत तिचे दोन प्रकार समोर येतात. एक पांढरीशुभ्र असते, तिला चुना लावलेला असतो आणि बोटांना पांढरी भुकटी लागते. दुसरी मातकट, सुरकुतलेली आणि दिसायला अगदी सामान्य असते, पण मी हीच घेते. चांगला तुकडा हातात जड लागतो, मोडताना खटकन आवाज करतो आणि मोडलेल्या जागी आतून फिकट पिवळसर, थोडा धागेदार दिसतो. तुकड्यावर टाचणीएवढी भोके असतील तर आत कीड शिरलेली असते आणि कुटल्यावर पूड कडवट, बेचव निघते. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून चार वेढे उगाळले, की सुगंध आणि तिखटपणा दोन्ही लगेच कळतात. एका वेळी पंधरवड्यापुरतीच पूड करावी आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावी, कारण उघड्या डब्यात आणि चुलीच्या उबेत तिचा वास फार लवकर उडून जातो.