प्लेस्टेशन-२ वर तांबडी माती : माझा अनुभव

‘स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन’ हा सोनीच्या प्लेस्टेशन-२ या गेमयंत्रावरचा कुस्तीचा व्हिडिओ गेम जपानच्या युक्स कंपनीने तयार केला आणि टीएचक्यूने २००३ मध्ये बाजारात आणला. त्यातल्या रिंगणात कापडी मॅटऐवजी आपल्या तालमीतली तांबडी माती दिसावी आणि निदान एका मल्लाच्या अंगावर लंगोट असावा, एवढीच माझी इच्छा होती. स्वतःच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीतली हुबेहूब नक्कल, संगणकावर घेणे आणि तिच्यातून हव्या त्या चित्रांच्या फाइली बाहेर काढणे ही कामे विशेष त्रास न होता पार पडली. मातीसाठी शुक्रवार पेठेतल्या एका तालमीत गेलो, तेव्हा वस्तादांनी “फोटो हवे तेवढे काढा, पण चपला बाहेर,” एवढीच अट घातली. ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरलेल्या त्या मातीचा रंग विटेसारखा सपाट नसतो, म्हणून छायाचित्र दिवसाच्या उजेडातच घ्यावे.

खरी अडवणूक झाली ती रंगांपाशी, आणि तिचा राग अजून गेलेला नाही, कारण मी पाहिलेल्या प्रत्येक मार्गदर्शक व्हिडिओत या टप्प्याला “आता रंग नीट करून घ्या” असे एकच वाक्य वाट्याला आले होते. ते कसे करायचे, हे सांगण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

या यंत्राच्या चित्रस्मृतीत जागा अवघी ४ मेगाबाइट असल्यामुळे बरीचशी चित्रे २५६ रंगांत बसवलेली असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी रंगाऐवजी फक्त रंगाचा क्रमांक साठवला जातो, आणि प्रत्यक्ष रंग पॅलेट नावाच्या यादीत असतात. मात्र ते तिथे सरळ क्रमाने मांडलेले नसतात. दर ३२ रंगांमागे दुसऱ्या आठांची आणि तिसऱ्या आठांची अदलाबदल केलेली असते. म्हणजे ८ ते १५ हे क्रमांक १६ ते २३ च्या जागी जातात आणि १६ ते २३ हे ८ ते १५ च्या जागी येतात. परिणामी निम्मे रंग बरोबर आणि निम्मे चुकीचे दिसतात, आणि माणूस आपल्या चित्रातच खोट शोधत बसतो. माझ्या मातीत सगळ्याच छटा एकमेकींच्या जवळच्या असल्यामुळे हा घोटाळा नुसत्या खरखरीत पोतासारखा दिसला आणि मला तो आवडलासुद्धा. मल्लाच्या पाठीवर मात्र तेच रंग नायटा उठल्यासारखे पसरले. म्हणून पहिली चाचणी मातीवर किंवा कातडीवर न करता काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग बदलत जाणारी करड्या रंगाची पट्टी बनवून करावी. आठ-आठ छटांनी उडी दिसली, की दोष क्रमाचा आहे हे लगेच समजते.

क्रम सुधारल्यावरही लंगोटाच्या कडा दिव्यासारख्या चमकत राहिल्या. त्याचे कारण वेगळे होते. संगणकावरचे चित्रकामाचे प्रोग्राम पूर्ण अपारदर्शक ठिपक्याला २५५ हा आकडा देतात, तर प्लेस्टेशन-२ मध्ये पूर्ण अपारदर्शकता १२८ वरच संपते. त्यापुढचा आकडा दिला तर रंगांचे मिश्रण करताना यंत्र तो रंग प्रमाणाबाहेर उजळवते. बाहेर काढलेले मूळ चित्र संगणकावर अर्धवट आरपार दिसते, तेही याच कारणाने. चित्र बाहेर काढताना हे आकडे दुप्पट करायचे (१२८ चे २५५ धरायचे) आणि परत घालताना निम्मे करायचे, एवढाच उपाय आहे. दोन ओळींत मावणारी ही माहिती न मिळाल्यामुळे माझ्या रात्रीच्या रात्री गेल्या.

हा सगळा खटाटोप टाळता येतो, हेही सांगायला हवे. पीसीएसएक्स-२ या इम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशन-२ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, नव्या आवृत्त्यांत बदली चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ती वापरण्याची सोय सुरू केली की तो ती दाखवतो आणि मूळ फाइलला हात लावावा लागत नाही. पण ते फक्त संगणकावर. मला माती खऱ्या यंत्रावर हवी होती आणि तिथे हा जवळचा रस्ता नाही. आणखी एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. नवी फाइल मूळ फाइलपेक्षा एका बाइटनेही मोठी होऊ देऊ नये, म्हणजे डिस्कवरच्या पुढच्या फाइलींच्या जागा हलत नाहीत. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांच्या चित्राला १६,३८४ बाइट आणि पॅलेटला १,०२४ बाइट लागतात, तेवढ्यातच बसवावे.

अखेर पडद्यावर माती जशी हवी तशी आली, तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. खेळात मल्ल वापरतात त्या हातोड्याच्या जागी चांदीची गदा आणण्याची एका मित्राची सूचना मी नाकारली, कारण त्यासाठी नुसते चित्र पुरत नाही, वस्तूचा आकारच नव्याने घडवावा लागतो.

ज्यांना खऱ्या यंत्रावर चालवायचे आहे त्यांनी ‘फ्री एमसी बूट’ (बाहेरचे प्रोग्राम यंत्रावर सुरू करू देणारे सॉफ्टवेअर) घातलेले मेमरी कार्ड विकत घेण्याआधी यंत्राच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक वाचावा. ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांत, म्हणजे ज्यांच्या बायॉसची (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामची) आवृत्ती २.३० आहे त्यांत, ते कार्ड चालत नाही. यूएसबीवरून खेळ चालवताना मधले व्हिडिओ अडखळले तर पेनड्राइव्ह बदलू नये. यंत्राचे यूएसबीच १.१ आहे आणि त्याहून वेगाने ते माहिती देणार नाही.