ड्रायव्हर साइडला बसलेली पिकअप

अण्णा महिनाभर म्हणत होते, "गाडी लंगडतीय रे तुझी." मी म्हणायचो रस्ताच तसा आहे. मग एकदा नारायणगावला टोमॅटोचे क्रेट खाली केले, रिकामी गाडी सपाट कोब्यावर लावली आणि चहा पिता पिता समोरून बघितलं तर खरंच की, ड्रायव्हर साइडला बंपर खाली. दहा वर्षं त्या बाजूला मी एकटाच बसतोय, क्लीनर कधी ठेवलाच नाही, आणि माझं वजन काय ते विचारू नका.

आमच्या पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. सफारीला, क्वालिसला असायचा तोच प्रकार. चासीच्या बाजूने लांब जाणारी स्प्रिंग स्टीलची जाड सळई, एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं मागे आडव्या मेंबरमधे एका छोट्या आर्मला अडकवलेलं. चाक वर उचललं की सळईला पीळ बसतो आणि त्या पिळावरच गाडीचं वजन तोललेलं असतं. मागच्या आर्मचा बोल्ट आवळला की ती बाजू वर येते, सैल केला की खाली. बोल्ट आवळून सस्पेन्शन कडक होतं असं आमच्याकडे सगळे सांगतात, पण सळई तीच आहे ना, कडक कुठून होणार, फक्त उंची बदलते.

मी लगेच पाना घेऊन खाली घुसणार होतो, पण आमचे मिस्त्री म्हणाले आधी टेप लाव. जमिनीपासून मापलं तर दोन बाजूंत फरक नऊ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मग कळलं त्या टायरमधे हवाच कमी. हवा सारखी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापलं, सात सूत. मग पुढच्या चाकांना दगड लावून मागे चासीच्या बरोबर मधोमध जॅक दिला, मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगा, मोकळे होईपर्यंत, आणि परत मापलं तर पाच. म्हणजे दोन सूत मागच्या पाट्यांची करामत, ती पुढे बोल्ट पिळून काढायला गेलो असतो तर गाडी पुढे तिरकी बांधली गेली असती.

बोल्टला आदल्या रात्री ऑइल मारून ठेवलं, रंगाने खूण केली. जॅकने पुढची चाकं अधांतरी करून चासीखाली स्टँड लावले आणि मगच पाना, कारण लोड असताना फिरवलं तर आटे जातात. ड्रायव्हर साइड दीड फेरा आवळली, क्लीनर साइड एक फेरा सैल केली, सगळं एकाच बाजूने उचललं नाही कारण तेवढं उचललं की खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही. खाली उतरवून लगेच मापलं तर उलटाच आकडा!! चारपाच मीटर पुढेमागे ढकलली, बंपरवर दोनदा उभा राहून दाबली, मागे परत तसाच जॅक दिला, तेव्हा कुठे खरं माप आलं, अर्ध्या सुताचा फरक. तेवढा चालतो.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतली, उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही हलतात, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले असते. पाट्यांचं काम टोमॅटो संपल्यावर. अण्णांना दाखवलं तर ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मागून अजून लंगडतीय."