सेंटर बेअरिंगचा दिवस

रविवार, सकाळ

दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) असलेली जुनी पिकअप. जागेवरून उचलताना पोटाखाली गदगद, वेग धरला की ती विरते आणि मग बारीक घुमणारा आवाज सुरू होतो. त्याच वेगाला चौथ्यातून तिसऱ्यात आणून पाहिलं. इंजिनाचा सूर चढला, घुमणं होतं तसंच राहिलं. म्हणजे आवाज चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे, शोध गिअरबॉक्सच्या मागे घ्यायचा.

मागची चाकं उचलून अ‍ॅक्सल लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट, गाडी न्यूट्रल. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. सेंटर बेअरिंग म्हणजे शाफ्टला मध्ये आधार देणारं, रबरात बसवून ब्रॅकेटनं चॅसीला टांगलेलं बेअरिंग. त्याच्याजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवला. रबर थोडं दबतं, तेवढं चालतं. इथे मात्र शाफ्ट टणकन ब्रॅकेटच्या पत्र्यावर आपटत होता. रबर वरच्या अर्ध्या भागात कडेनं फाटलेलं, शाफ्ट खाली बसलेला. मधला आधार खाली गेला की क्रॉसचे (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या चार टोकांच्या सांध्यांचे) कोन बदलतात, आणि उचलताना येणारी गदगद त्या बिघडलेल्या कोनांची असते.

पाना लावायच्या आधी खुणा. तारेच्या ब्रशनं घासून डिफरेन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्ट लागतात त्या चकतीवर, आणि योकवर (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर) एक सरळ पांढरी रेघ, तशीच दुसरी सरकत्या योकच्या दात्यांपाशी, दोन्ही तुकड्यांवरून जाणारी. खडू तेलात पुसला जातो, रंगच हवा. काही शाफ्टना एक रुंद दाता असतो, ते चुकीचे बसतच नाहीत. बाकीचे कुठेही बसतात. दोन टोकांचे योक एकमेकांशी जुळले नाहीत तर एका क्रॉसचा झटका दुसरा खाऊन टाकत नाही. मग नवं बेअरिंग घालूनही गाडी थरथरते आणि दोष बिचाऱ्या बेअरिंगला लागतो.

ब्रॅकेट आणि चॅसीच्या आडव्या पट्टीमध्ये पत्र्याच्या चकत्या निघाल्या: डावीकडे दोन, उजवीकडे दोन. या घाणीबरोबर फेकून देणारे पुष्कळ. शाफ्टची उंची त्यांनीच ठरते, म्हणून आधी फोटो, मग दोन वेगळ्या डब्या.

मागच्या चार बोल्टना कालच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. रिंग पानाच वापरायचा, उघड्या तोंडाच्या पान्यानं डोकी गोल होतात. शाफ्ट सुटला की क्रॉसवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा. क्रॉसच्या टोप्या मोकळ्या होत असतील तर त्यांच्याभोवती चिकटपट्टी. टोपीत सुईसारखे बारीक रोलर असतात, त्यातली एक सुई जरी आडवी पडली तरी टोपी पूर्ण बसत नाही, आणि का बसत नाही हे शोधण्यात तास जातो.

दुपार

जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं: खरखर, मध्येच अडकणं. सील उचललं तर ग्रीसच्या जागी तांबूस भुकटी. पण ते मेलं कशानं, हा खरा प्रश्न आहे. पुढचा क्रॉस एका दिशेला मोकळा, दुसऱ्या दिशेला खाचेत बसल्यासारखा अडखळत होता. असा क्रॉस तसाच ठेवून बेअरिंग बदललं तर नवंही त्याच वाटेनं जाईल. दोन्ही एकदमच बदलायचे.

आतली रिंग पुलरला दाद देईना. अशा वेळी ग्राइंडरनं रिंगला तिरकी चीर द्यावी, शाफ्टला लागायच्या आत थांबावं, मग चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका. रिंग कटकन तडकते आणि हातानं निघते. शाफ्टच्या दात्यांवर हातोडी नको. नळीवर डागलेले छोटे पत्रे बॅलन्सची वजनं आहेत, त्यांनाही धक्का नको.

मग शाफ्टवरची बेअरिंगची बैठक तपासली. तिथे रिंग फिरल्याची चकाकी किंवा निळसर डाग असेल आणि नवं बेअरिंग हातानं सरकत असेल, तर पंचानं टोचे मारून काम भागवू नये. ते काही दिवसांत पुन्हा सैल होतं. तुकडाच बदलावा. इथे बैठक शाबूत होती, बारीक पॉलिश पेपर पुरला.

नवा भाग जुन्याशी ताडताना तीन मापं घेतली: आतला व्यास, दोन बोल्टांच्या भोकांमधलं अंतर, आणि बेअरिंगच्या मध्यापासून ब्रॅकेटच्या बसणाऱ्या बाजूपर्यंतची उंची. पहिली दोन जुळून तिसरं चुकलेले भाग सर्रास मिळतात.

बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, म्हणून त्याच मापाचा पाइप. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे धावपट्टीत उमटतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून घुमतं. धूळ अडवणाऱ्या चकत्या निघाल्या त्याच दिशेनं परत. मधला नट नवाच.

संध्याकाळ

रेघा जुळवून आधी मागची फ्लँज आवळली, ब्रॅकेटचे बोल्ट हातानंच लावले, चकत्या आपापल्या बाजूला. चाकं जमिनीवर घेऊन गाडी थोडी पुढे-मागे ढकलली, म्हणजे रबर पीळ न पडता आपली जागा घेतं. ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आहे ना ते गुण्यानं पाहिलं आणि मगच टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा), मॅन्युअलमधल्या आकड्याला. फ्लँजचे बोल्ट बदलायचे तर डोक्यावरचा ग्रेड (मजबुतीचा आकडा) तोच हवा. १०.९ च्या जागी ८.८ चालत नाही.

इतकी काटेकोरी का, ते हिशेबात दिसतं. टायरचा घेर २.१ मीटर आणि डिफरेन्शियलचं प्रमाण ४.१ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१) धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे १९५० फेरे घेतो. कोन चुकला असेल तर क्रॉसचा झटका प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसतो.

चाचणीत जागेवरून चार वेळा उचलली, भार टाकून आणि न टाकता. गदगद नाही. ६० ला घुमणंही नाही. गदगद उरली असती तर बेअरिंग पुन्हा उघडण्याआधी रेघा आणि चकत्या पाहिल्या असत्या.

शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे दोन आणि फ्लँजचे चार बोल्ट पुन्हा तपासायचे. नव्या क्रॉसला निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे, तेव्हाच ग्रीस, चारही टोप्यांच्या सीलमधून ताजं बाहेर दिसेपर्यंत.